केळ्यांच्या पेटीतले कोळी

सत्तरच्या दशकात टेंभुर्णीला कायमचे चित्रपटगृह नव्हते. सुगी आटोपून ज्वारी खळ्यातून घरात आली, की बाजारतळावर फिरत्या सिनेमाचा तंबू उभा राही आणि ऊन कडक होईपर्यंत टिके. एरवी तेथे मारामारीचे आणि नाचगाण्याचे चित्रपट लागत. त्यांच्याशी मला कर्तव्य नसे. परंतु देवादिकांचा चित्रपट लागला, की त्याच तंबूचे देऊळ होई. लोक पादत्राणे कनातीबाहेर काढून ठेवत, पडद्यापुढे नारळ फोडत, कापूर लावत, आणि देव पडद्यावर प्रथम प्रकट झाला, की बसल्या जागेवरून फुले उधळत. शहरातील माझे काही स्नेही याला हसत. मला ते कधीच हसण्याजोगे वाटले नाही. जो समाज मातीच्या पार्थिव मूर्तीत आवाहन करून देव बसवतो आणि विसर्जनानंतर त्याची पुन्हा माती झालेली शांतपणे पाहतो, त्याला कापडाच्या पडद्यावर घटकाभर देव मानणे अवघड का जावे? आवाहनाचा मुख्य मंत्र भाव हाच आहे, असे आमच्या पाठशाळेतील गुरुजी सांगत, आणि ते मला आजही पटते.

मी तेथील शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि दिवसाकाठी एकदा महादेवाच्या मंदिरात पुराण सांगत असे. घरी पत्नी आणि माझी थोरली बहीण. तिला आम्ही अक्का म्हणत असू.

अक्काला अकाली वैधव्य आले, तेव्हा मी तिला आपल्या घरी आणले. ती मूळची बोलकी. विहिरीवर गेली तर पाणी राहून जाई आणि गोष्टी भरून येत. परंतु गावातल्या एका लग्नात करवली कलश घेऊन समोरून येत असता, अक्काला पाहून एका बाईने त्या मुलीला खांद्याला धरले आणि दुसऱ्या वाटेने वळवले. अक्का मागच्या पावली घरी आली, आणि त्यानंतर तिने आमचा उंबरठा ओलांडला तो केवळ पहाटे महादेवाला पाणी घालण्यापुरता. लग्नकार्य, बारसे, बाजार, शेजार, सारे बंद. असल्या वागण्याला शास्त्रात आधार नाही, हे मी तिला वचने काढून दाखवले. ती शांतपणे ऐकून घेई आणि म्हणे, “तुझं शास्त्र बरोबरच आहे रे. पण त्या मांडवात ते कुठं बसलं होतं, मला दिसलं नाही.”

तिला पुन्हा चारचौघांत आणावे, एवढी एकच इच्छा मात्र मी धरून होतो. मी स्वभावाने चिकाटीचा आहे. व्याकरण ज्याने तोंडपाठ केले आहे, त्याला वाट पाहण्याचे भय नसते.

त्या वर्षी महाशिवरात्रीच्या सुमारास तंबूवाल्याने बैलगाडीवर फलक लावून आणि कर्णा बांधून ती गावभर फिरवली. शिवरात्रीच्या दिवशी दिवेलागणीला शिवभक्तीचा चित्रपट, घरच्या लेकीसुनांना घेऊन यावे, असा पुकारा होता. मी अक्कापुढे विषय काढला. ती वाती वळत होती. हातातली वात पुरी करून तिने मान वर केली.

“देवाचाच आहे ना? नक्की?”

“नक्की. मीच नारळ फोडणार आहे.”

“मग येते. तुझ्या शब्दावर येते, आणि एकदाच. पण तिथं काही भलतंसलतं निघालं, तर पुन्हा मला कुठं चल म्हणायचं नाहीस. जन्मात नाही. कबूल?”

“कबूल,” मी म्हणालो. पत्नीने माझ्याकडे पाहिले. एका सिनेमावर मी केवढे पणाला लावले, हे तिला माझ्याआधी कळले असावे.

शिवरात्रीच्या दुपारी मंदिरात मी कोळ्याची कथा सांगितली. दक्षिणेतील एका क्षेत्रात एक कोळी शिवाच्या पिंडीवर जाळ्याचे छत विणीत असे. झाडाची वाळली पाने देवाच्या मस्तकी पडू नयेत, एवढाच त्याचा हेतू. एके दिवशी समईच्या ज्योतीने ते छत जळाले. तेव्हा तो क्षुद्र जीव संतापून ज्योत गिळायला धावला, आणि भगवंताने त्याला आपल्यापाशी घेतले. ही कथा बायांना फार आवडते. वाड्यावस्तीवर जाळे काढणे हे ज्यांचे रोजचे काम, त्यांना त्या जाळ्याचे छत झालेले ऐकून बरे वाटत असावे. श्रोत्यांत धनगरांपैकी एक म्हातारी नेमाने येई. तिच्या घरची मेंढरे केव्हाच विकली गेली होती आणि ती आता लोकांच्या शेतावर खुरपायला जात असे. कथा संपताच तिने विचारले, “म्हंजी महाराज, कोळ्याला बी मोक्ष गावला?”

“गावला, आजी.”

“आठ पायाच्याला गावला. मंग आमचे तर दोनच हायेत, आमाला जल्दी गावंल!”

सगळे मंदिर हसले. अक्का त्या वेळी घरी होती. पुराणालाही ती येत नसे.

दिवेलागणीला आम्ही तंबूत पोहोचलो. कनातीबाहेर वहाणांचा आणि चपलांचा ढीग लागला होता. आत जमिनीवर कडब्याचा भुगा अंथरला होता. मधोमध दोरी बांधून एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, अशी व्यवस्था असे. मी दोरीलगत बसलो, पलीकडे पत्नी, आणि तिच्या पुढ्यात अक्का. व्रताच्या दिवशी अक्का सोवळ्यात असे. माझ्या पत्नीचाही स्पर्श तिला चालत नसे. म्हणून तिने घरची लोकरीची धाबळी आणली होती. ती अंथरून, पाय पोटाशी घेऊन, पदर डोक्यावरून ओढून ती अशी बसली, की जणू परक्या गावच्या धर्मशाळेत रात्र काढायची आहे. गर्दी वाढली तशी तिच्या उजव्या अंगाला ती दुपारची धनगराची म्हातारी येऊन टेकली. अक्काने धाबळी थोडी अलीकडे ओढली. म्हातारी थोडी आणखी सरकली.

“भिऊ नगं बाई,” म्हातारी म्हणाली, “म्या शिवत न्हाई तुला. पर मागून लोटून राह्यलेत, त्यांला सांग.”

जमलेल्यांपैकी बहुतेकांना उपवास होता. प्रत्येकाच्या फडक्यात उकडलेली रताळी आणि केळी होती, आणि बायकांच्या ओट्यांत बेलाची पाने, पडद्यावरच्या महादेवाला वाहण्यासाठी. तंबूवाला जालन्याकडचा, मोठा अदबशीर गृहस्थ. चित्रपटाची लोखंडी पेटी सायंकाळच्या मोटारीने नुकतीच पोहोचली होती आणि ती उघडून पाहण्याइतकीही सवड त्याला मिळाली नव्हती. मी मंत्र म्हणून नारळ फोडला, कापूर लावला. दिवा मालवला गेला आणि यंत्राची घरघर सुरू झाली.

पडद्यावर चांदणे होते. दोन फांद्यांच्या मध्ये एक कोळी संथपणे जाळे विणीत होता. धागा चमके, थरथरे, पुढच्या धाग्याला जाऊन मिळे. मागे कोठेतरी एक गंभीर वाद्य वाजत होते. तंबूत म्हातारीचा आवाज उठला:

“आवं, ह्यो तर दुपारचाच कोळी की!”

“हर हर महादेव!” सारा तंबू गरजला. बेलाच्या पानांचा असा वर्षाव झाला, की पुढे बसलेल्यांची डोकी हिरवी झाली. माझेही हात आपोआप जुळले. मनात आले, हा चित्रपट करणारा कोणी रसिक असला पाहिजे. महादेवाला दाखवण्याआधी त्याने भक्त दाखवला, आणि भक्तांतही सर्वांत लहान. दोरीपलीकडे पाहिले, तो अक्कानेही हात जोडलेले. माझे समाधान शिगेला पोहोचले.

नंतर पडद्यावर उंच काळी टोपी घातलेला एक लठ्ठ गोरा मनुष्य आला. तो डोंगरावरच्या एका खाणावळीचा मालक होता आणि हिंदीत बोलत होता. ओठ मिटल्यावरही त्याचा आवाज थोडा वेळ चालू राही. त्याच्याकडे केळ्यांची एक मोठी लाकडी पेटी आली. हमालाने फळी उचकटली. केळ्यांच्या घडामागून, ताटाएवढा, केसाळ, एक कोळी सावकाश बाहेर आला.

“पुजारी असंल,” म्हातारी म्हणाली. पण आवाजात मघाची खात्री नव्हती.

कोळी हमालाच्या मनगटावर चढला. हमालाचे डोळे फिरले, तोंडाला फेस आला, आणि तो ताठ होऊन पिठाच्या पिंपात उलटा पडला. पिठाचा लोट उठला. मग कोणीतरी दबल्या स्वरात म्हणाले, “पापी असेल. देवाची केळी चोरत असेल.” तेवढ्यात पेटीतून आणखी कोळी निघाले, जिना चढले, आणि झोपलेल्या पाहुण्यांच्या काढून ठेवलेल्या बुटांत एकेक करून शिरले. येथे पहिले रीळ संपले.

तंबूवाल्याकडे यंत्र एकच होते. दर रिळानंतर ते थांबे, दिवा लागे, आणि दुसरे रीळ चढेपर्यंत लोक बोलत. त्या दिवशी दिवा लागला, तेव्हा प्रथम मला जे दिसले ते हे: निम्मे लोक आपापल्या फडक्यातली केळी उजेडाकडे धरून उलटसुलट तपासत होते.

तंबूवाला दोरीदोरीने वाकून माझ्यापाशी आला. त्याच्या चेहऱ्यावर रक्त नव्हते.

“महाराज, लई मोठा घोटाळा झाला. पेटी बदलली. गाडीवर दोन पेट्या होत्या, एक राजूरच्या तंबूची. त्यांची हिकडं आली, आपला महादेव तिकडं गेला. ह्यो विलायती भुताटकीचा, हसण्याचा शिनेमा हाय. बंद करू का चालू ठेवू? बंद केला तर लोक म्हणतील फसवलं, चालू ठेवला तर म्हणतील शिवरात्र बाटवली. तुमी सांगाल ते बराबर.”

त्याला सांगण्याआधी मी अक्काकडे पाहिले. तिने पदर नाकापर्यंत ओढला होता, मान खाली होती, आणि तिचे खांदे हलत होते. पत्नीने मला डोळ्यांनी खुणावले: रडताहेत. मी दोरीवरून वाकलो.

“अक्का, घरी जाऊ या का?”

तिने मान वर केली नाही. केवळ हात हलवून मला दूर सारले. त्या हाताचा अर्थ मी एकच घेतला. पणाला लावलेले सारे गेले होते. शिवरात्रीच्या दिवशी, माझ्या शब्दावर, माझ्या हातच्या नारळानंतर, तिच्यापुढे हे वाढले गेले होते.

पण जे करणे प्राप्त होते, ते करण्यावाचून गत्यंतर नव्हते. मी उभा राहिलो आणि सर्वांना स्पष्ट सांगितले, की हा देवाचा चित्रपट नव्हे. पेट्या बदलल्या आहेत. यात तंबूवाल्याचे कपट नाही. ज्यांना जावयाचे असेल, त्यांनी आता उजेड आहे तोवर जावे.

कोणीही उठले नाही. मला वाटले, लोकांना कळले नाही. मी पुन्हा सांगितले.

“कळलं वो महाराज,” म्हातारी म्हणाली. “पर वहाणा भायेर अंधारात पडल्यात. ते किडे बुटात शिरताना आत्ताच बघितले न्हवं? आधी तुमी जाऊन समद्यांच्या वहाणा झटकून या, मंग आमी उठतो.”

यावर पुरुषांच्या बाजूने एक म्हणाला, “अन् देवाचा न्हाई हे आधी कळलं असतं, तर पायात घालूनच बसलो असतो की!”

हे बोलणे अक्षरशः खरे होते. दुसऱ्या कोणत्याही गावात हाच चित्रपट लोकांनी पायांत जाड वहाणा घालून, सुखाने पाहिला असता. आमच्या लोकांनी भक्तिभावाने पाय उघडे केले होते, आणि आता त्या उघड्या पायांखाली कडब्याचा भुगा हुळहुळत होता. तंबूवाल्याने माझ्याकडे पाहिले, मी मान डोलावली. दुसरे रीळ सुरू झाले.

त्या चित्रपटाची सारी गंमत एका गोष्टीत होती. खाणावळीच्या मालकाला कोळी कधीच दिसत नसत. ते त्याच्या पाठीमागे असत, खुर्चीखाली असत, आरशात असत. तो गात, शिटी वाजवत, केळे सोलत हिंडे. पाहुणे एकामागून एक ताठ होऊन पडत आणि हा त्यांना झोपाळू समजून त्यांच्या अंगावर पांघरूण घाली. प्रथम लोक श्वास रोखून बसले. मग एकीला राहवले नाही. “मागं बघ रे मुडद्या!” ती ओरडली. मग सगळ्याच ओरडू लागल्या. “पलंगाखाली!” “दार लाव, दार!” पुराणात मी इतकी वर्षे घसा कोरडा केला, परंतु श्रोत्यांनी कथेतल्या माणसाची एवढी काळजी केलेली मी पाहिली नव्हती.

मध्येच एक प्रसंग आला. खाणावळीतील एक तरुणी स्नानासाठी नळाखाली उभी राहिली. मी डोळे मिटून घेतले. दोरीपलीकडे काय चालले असेल, या विचाराने कानशिले तापली. एवढ्यात हशा उसळला. डोळे उघडून पाहतो, तो छतावरून उतरलेल्या कोळ्याने त्या तरुणीभोवती दाट जाळे विणून तिला गळ्यापासून पायांपर्यंत गुंडाळून टाकले होते.

“बरं केलं बाबा,” म्हातारी त्या कोळ्याला म्हणाली, “झाकलं लेकराला. आता चावू नगंस.”

त्यानेही कसे कोण जाणे, तिला चावा घेतला नाही.

नंतर मालकाने खुंटीवरची आपली उंच टोपी घेतली. तिच्यात सर्वांत मोठा कोळी बसलेला आम्ही सर्वांनी पाहिला होता. त्याने ती फुंकर मारून साफ केली आणि डोक्यावर चढवली. तंबू थिजला. आणि नेमक्या त्याच क्षणी पुरुषांच्या बाजूला एकजण किंचाळला:

“चढला! पायावर चढला!”

ते उधळलेल्या बेलाचे पान होते, हे मागाहून कळले. त्या क्षणी मात्र सगळा तंबू एकदम पाय वर घेऊन बसला. जमिनीवर पाय वर घेण्याला जागा ती कोठे? ज्याला जी मांडी सापडली, तिच्यावर त्याने पाय टाकले. तंबूचा मधला खांब हलला. केळी चेंगरली. काही बेलाची पाने वरून, बहुधा कनातीच्या दोरीत अडकलेली, सावकाश मानांवर उतरली, आणि जेथे उतरली तेथून नव्या किंकाळ्या उठल्या. यंत्र चालू होते, आणि त्याच्या हलत्या उजेडात मी दोरीपलीकडे पाहिले. धाबळी रिकामी होती. अक्काचे दोन्ही पाय त्या धनगराच्या म्हातारीच्या मांडीवर होते, आणि दोन्ही हातांनी तिने म्हातारीचा दंड घट्ट धरला होता.

म्हातारी तिच्या तोंडावरचा पदर दूर करून निरखत होती.

“अगं बाई, तू रडून राह्यली का हसून राह्यली?”

अक्का हसत होती. पहिल्या रिळापासून, पिठाच्या पिंपापासून हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होते, शब्द फुटत नव्हता. शेवटी शब्द फुटला, तो त्या पडद्यावरच्या माणसासाठी, आणि असा खणखणीत, की जणू विहिरीच्या तळातून घागर वर यावी:

“अरे टोपी काढ! टोपी काढ, मेल्या! डोक्यावर घेऊन मिरवतोयस त्याला!”

“टोपी काढ!” सगळ्या बायकांनी उचलून धरले. “टोपी काढ!” पुरुषही ओरडू लागले. पडद्यावरचा मालक मात्र टोपी सावरत, शिटी वाजवत पुढे निघून गेला, आणि त्या हशाने कनातीचे कापड फुगल्यासारखे झाले.

पाठशाळेत आम्हाला रसांचे परस्परविरोध शिकवले होते. हास्य आणि भयानक हे एकमेकांचे वैरी. एक आला की दुसऱ्याने जावे, असा नियम. तो नियम मी कित्येक विद्यार्थ्यांकडून घोकून घेतला होता. त्या तंबूत ते दोघे एकाच ताटात जेवताना मी पाहिले. मला असे वाटते, की नियम चुकीचा नाही. तो कवीने कसे लिहावे, याचा नियम आहे. माणूस उघड्या पायांनी, अंधारात, शेजारणीचा दंड धरून बसलेला असताना त्याच्या हृदयात काय घडते, त्याचे शास्त्र वेगळे असावे. ज्याच्यावाचून आपली भीती हसण्यात उतरत नाही, ते म्हणजे शेजारी दुसरे कोणी तितकेच भ्यालेले असणे. एकट्याने तो चित्रपट पाहिला असता, तर मी तरी हसलो नसतो.

शेवटी ती खाणावळ जळाली. मालक अखेर एका स्त्रीला अभिवादन करण्यासाठी टोपी काढतो, तेव्हा तो आणि कोळी प्रथमच एकमेकांना पाहतात, आणि दोघेही मूर्च्छित पडतात. सावध झाल्यावर मालक दुसऱ्या गावी जाऊन नवी खाणावळ थाटतो आणि पहिल्याच दिवशी तेथे केळ्यांची नवी पेटी येते. त्या पेटीवर चित्रपट संपला. बाहेर तंबूवाला स्वतः कंदील धरून उभा होता. प्रत्येक जण आपली वहाण ओळखून, लांब धरून, दुसरीवर आपटून झटकत होता. इतके लोक एकदम झटकत होते, की गावात कोणाला टाळ्यांचा भास झाला असता.

घरी आल्यावर अक्काने अंग धुतले, देवापुढे बसली, नित्याचे स्तोत्र म्हटले. तिच्या हसण्याने मी सुखावलो होतो, परंतु त्यावर विसंबण्याइतका भोळा नव्हतो. हसू आवरले की माणसाला आपले वचन आठवते, आणि दिलेल्या वचनापासून ढळणे आमच्या घराच्या रक्तात नाही. भलतेसलते निघाले होते. मांडीवर पाय टाकून सोवळे मोडले होते. आता मी तिला कोठे चल म्हणू शकत नव्हतो, आणि ती आपण होऊन जाईल, असे या साऱ्या काळात कधी घडले नव्हते.

सकाळी तिने रोजच्यासारखे महादेवाला पाणी घातले. पारणे झाले. मी शाळेला निघायच्या तयारीत होतो, तेव्हा अंगणात ती म्हातारी येऊन उभी राहिली. एरवी ती अंगणात पाऊल टाकीत नसे.

“महाराज, बाई हाय का घरात? माझी सून बाळंतीण हाय, घरीच राह्यली बिचारी. काल म्या तिला समदं सांगाया गेल्ते. पिठाचं पिंप जमलं, न्हाणीतली पोरगी जमली. पर त्यो टोपीवाला बिलकुल जमंना. सून म्हनती, आत्याबाई, ह्यात हसण्यासारखं काय हाय? म्हून म्हनलं, बाईला न्यावं.”

बाळंतिणीचे घर. मी चमकलो. जेथे एरवी कोणतीही म्हातारी अक्कासारख्या विधवेला दारातच थांबवील, तेथे ही तिला न्यायला आली होती. मी सावधपणे म्हणालो, “आजी, अक्का कुठे जात नाही. तिला आग्रह—”

“तू मधे बोलू नकोस,” आतून आवाज आला. अक्का पदर खोचत बाहेर आली. “काल तुझा शब्द बुडाला. आता तुझा काही संबंध नाही.”

“मी कुठे चल म्हणतोय?”

“म्हणूही नकोस.” ती म्हातारीकडे वळली. “सुनेला ताप वगैरे नाही ना? मी आलेली चालेल ना घरात सगळ्यांना? आधीच सांग बाई. मग कुणी तोंड फिरवलं, तर मला सोसायचं नाही.”

“चालंल का म्हंजी? लेकरू रात्रभर रडून राह्यलंय, घरात कुनी हसलं न्हाई चार दिसांत. तू आलीस तर बरंच हुईल. अन् कुनी तोंड फिरवलं, तर त्याचं तोंड म्या बघते.”

अक्का क्षणभर उभी राहिली. उंबरठ्याशी तिचा पाय थांबला, हे मी पाहिले, आणि काही बोलण्याचा मोह मोठ्या कष्टाने आवरला. मग ती एकदम मागे वळली. मला वाटले, परत आत चालली. ती खुंटीपाशी गेली, माझी शाळेची काळी टोपी काढली, आत बोटे घालून तपासली, दोनदा मांडीवर झटकली, आणि काखेत मारून निघाली.

“वन्सं,” पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, “जेवायला केव्हा येणार?”

“खाणावळ जळाल्यावर,” अक्का म्हणाली, आणि त्या म्हातारीबरोबर धनगरांच्या वस्तीच्या वाटेला लागली. वाटेत शेजारच्या दोघी दारांत आल्या. म्हातारीने त्यांना काहीतरी सांगितले आणि त्याही पदर सावरत मागोमाग निघाल्या.

मी त्या दिवशी उघड्या डोक्याने शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी विचारले, “शास्त्रीबुवा, टोपी कुठे?” मी म्हणालो, “वस्तीवर गेली आहे. कामात आहे.” आणि वर्गात जाऊन मुलांना संधिप्रकरण शिकवू लागलो.